दुसरी चोंगिम

सिनेमावाल्यांना फक्त अंगण हवं होतं, तेही तीन दिवस. पुढचे तीन आठवडे चोंगिम हे वाक्य भेटेल त्याला सांगत होती, आणि ऐकणारा प्रत्येकजण "हो का?" म्हणत तिच्या खांद्यावरून घरात डोकावत होता.

दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या टेकडीवर, जिथे चढताना भाजीवालासुद्धा दोनदा टेकतो, तिथे चोंगिमचं घर. घरात तीन बायका. सासूबाई जोमसुन, वय एकोणऐंशी, कानांनी ठार बहिरी. मधली चोंगिम, वय एक्कावन्न. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, लग्नसमारंभाचे पोशाख शिवून घर चालवणारी. आणि मुलगी बोरा, वय चोवीस. ती धक्क्यावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसायची आणि घरी आल्यावरही तिकीट फाडून दिल्याइतकंच बोलायची.

अंगणाच्या बदल्यात कंपनी गंजलेलं फाटक बदलून देणार होती. चोंगिमला फाटकाचा मोह पडला, एवढीच तिची चूक. दिग्दर्शिका शिमबाई स्वतः विचारायला आल्या होत्या. पस्तिशीच्या, डोळ्यांखाली झोप साठलेल्या.

"सिनेमा कशावर आहे?" चोंगिमनं विचारलं.

"प्रेमावर. विनोदी आहे. एका घरात तीन पिढ्यांच्या तीन बायका, आणि तिघींच्या तीन भानगडी."

"आमच्याकडे बायका आहेत तीन. भानगडी नाहीत."

शिमबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या.

गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरली. केस कुरळे करून देणारी यांगमी दुकान गिऱ्हाइकांवर टाकून आली. "ताई, सिनेमावाले पाहुण्यासारखे येतात आणि भाडेकरूसारखे राहतात. सगळं लेखी घे. आणि चहा देऊ नकोस. पहिल्या दिवशी चहा दिलास की तिसऱ्या दिवशी भात मागतील." समोरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की चित्रीकरण झालेल्या घरात पुढे बारा महिने माणसं उगाचच आरशात बघत बसतात. वॉर्डप्रमुखांना आरशाशी देणंघेणं नव्हतं. गल्लीत दिव्यांची गाडी उभी राहणार म्हणजे कचेरीत अर्ज हवा, आणि तो घरमालकिणीच्याच सहीचा हवा, असं त्यांनी बजावलं.

म्हणून चोंगिम दुसऱ्या दिवशी राखाडी स्वेटर चढवून, कापडी पिशवीत नावाचा शिक्का घेऊन कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली आणि तो हसला.

"काय काकू, काही राहिलं का?"

"अर्ज द्यायचाय. सिनेमाचा."

"अहो, काल दिलात की!"

त्यानं फाइल काढून अर्ज समोर धरला. नाव चोंगिमचं, पत्ता चोंगिमचा. खाली सही, आणि सहीच्या शेवटी तो वाटोळा फाटा, जो ती शाळेत असल्यापासून जरा जास्तच मोठा काढायची.

"मी काल घराबाहेरसुद्धा पडले नाही," चोंगिम म्हणाली.

"हाच स्वेटर होता. हीच पिशवी. आणि जाताना म्हणालात, एवढ्या पायऱ्या ठेवल्यात, म्हाताऱ्या माणसांनी तुमच्याकडे यायचं तरी कसं."

चोंगिम एक पाऊल मागे सरली. नेमकं हेच वाक्य तिनं येताना पायऱ्या चढता चढता जुळवलं होतं, आणि निघताना त्याला ऐकवायचं ठरवलं होतं. आता ते गिळावं लागलं.

"होतं काकू असं," कारकून मायेनं म्हणाला. "वय झालं की होतं. आमच्या आजीचंही असंच सुरू झालं."

भीतीपेक्षा त्या आजीचं चोंगिमला जास्त लागलं.

ती बाहेर पडली तेव्हा समुद्रावरून धुकं वर आलं होतं. कोपऱ्यावर सुकी मासळी विकणारी बाई दचकून म्हणाली, "अगं, तू परत खाली कधी आलीस? आत्ताच तर वर गेलीस!"

चोंगिम उत्तर न देता चढू लागली. वीसेक पायऱ्या वर, धुक्यात, कुणीतरी चढत होतं. राखाडी स्वेटर. डोक्यावर गच्च कुरळे केस. दर तिसऱ्या पायरीला डावा हात गुडघ्यावर. चोंगिमनं खाली पाहिलं. तिचा स्वतःचा डावा हात गुडघ्यावर होता. तिनं तो घाईघाईनं काढून घेतला. वरच्या बाईनं मात्र काढला नाही. ती शांतपणे वळली, गंजलेलं फाटक उचलून ढकललं (ते उचलूनच ढकलावं लागतं, हे घरच्यांनाच माहीत) आणि आत गेली.

एक्कावन्नाव्या वर्षी चोंगिम त्या पायऱ्या पळत चढली.

आत ओसरीवर सासूबाई बार्लीचा चहा ओतत होत्या. समोर ती बाई बसली होती, चोंगिमच्या जागेवर, चोंगिमसारखा एक पाय दुमडून. "बोराच्या आई, गरम आहे, जपून," सासूबाई तिला म्हणत होत्या. मग त्यांनी दारात धापा टाकणाऱ्या चोंगिमकडे पाहिलं. पुन्हा समोर पाहिलं.

"दोन झाल्या?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. एक धुण्याला, एक स्वयंपाकाला."

ती नटी होती. ओ सुरान. सिनेमातली मधली बाई तीच करणार होती. गेले दोन आठवडे ती यांगमीच्या दुकानावरच्या खोलीत राहून चोंगिमला न्याहाळत होती. केस यांगमीनंच करून दिले होते, आणि यांगमीनं हे पोटात ठेवलं होतं! लेखी घ्यायला सांगणाऱ्या यांगमीनं!

"अर्ज मीच दिला, माफ करा," सुरान उठून म्हणाली. "सही यांगमीच्या उधारीच्या वहीत पाहून गिरवली. लोक मला तुम्ही समजतात का, ते पाहायचं होतं."

"मग?"

"मी तुम्ही नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही."

यात सांत्वन नेमकं कुणाचं होतं, ते चोंगिमला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगण संपलं आणि ओसरी सुरू झाली. पाचव्या दिवशी स्वयंपाकघर गेलं. आठव्या दिवशी घरच्या तिघी शिलाई मशीनच्या मागच्या खोलीत राहायला आल्या, आणि घरात दुसऱ्या तिघी नांदू लागल्या. "शांतता!" अशी आरोळी उठली की असेल तिथे थिजायचं. चोंगिम एकदा चाळीस मिनिटं संडासात थिजली. बाहेर पडल्यावर दिव्यांच्या माणसानं ओठावर बोट ठेवून तिला पुन्हा आत जायची खूण केली.

मग हातांचं प्रकरण झालं. उकडलेला पालक पिळणारे हात जवळून दाखवायचे होते. शिमबाई म्हणाल्या, तुमचेच घेऊ. चोंगिमनं नखं घासली, पालक पिळला. तीस वर्षं पिळत आली होती तसाच. शिमबाईंनी पडद्यावर पाहून मान हलवली. "खरं वाटत नाही हो. अभिनय केल्यासारखं दिसतंय." मग सुरानच्या हातांनी पिळला, आणि सगळे म्हणाले, हं, हे घरचं वाटतंय.

संध्याकाळी चोंगिमनं तो पालक खाऊन पाहिला. मीठ अगदी तिच्याच हातचं पडलं होतं. तिची भूक गेली.

गल्ली हळूहळू पलीकडे सरकली. टपालवाला रजिस्टर सुरानच्या हाती देऊन गेला. समोरच्या म्हाताऱ्यानं मुळे आणले ते सुरानला. चोंगिम स्वतःच्या फाटकातून बाहेर पडताना एका नव्या मदतनीस मुलीनं तिला अडवलं. "काकू, बघायला आलेल्यांनी दोरीच्या पलीकडे थांबायचं."

एका दुपारी धूर सोडणारं यंत्र चालू होतं आणि स्वयंपाकघर पांढरं धोप झालं होतं. मागच्या खोलीत दाराशी बसून चोंगिम टीप घालत होती. बोरा कामावरून आली ती सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली.

"आई," ती म्हणाली, "मला सोलला नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात. दोन महिने सांगेन सांगेन म्हणतेय."

चोंगिमच्या हातातली सुई थांबली. धुरातून तिचा स्वतःचा आवाज आला. "जा. जाडं पांघरूण मात्र घेऊन जा. तिकडे थंडी हाडांत शिरते."

बोरा रडली. खिडकीतून आलेला हात तिनं धरला. दाराआड बसलेल्या खऱ्या आईला ओरडायचं होतं, पण ओरडून म्हणणार काय? तीसुद्धा शेवटी हेच म्हणाली असती. आधी अर्धा तास आदळआपट केली असती, एवढंच. मधला अर्धा तास गाळलेली आई लेकीला जास्त आवडली, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पण खरा हादरा पुढच्या सोमवारी बसला. सिनेमातली बाई नवऱ्याच्या फोटोपुढे बसते, असा प्रसंग होता. फोटो कुणा परक्या माणसाचा होता. सुराननं त्याच्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि ती हलकेच म्हणाली, "गेलात ते गेलात. पण नखं कापायची कात्री कुठे ठेवलीत, ते तरी सांगून जायचं."

दिव्यांची माणसं हसली. शिमबाई हसल्या. चोंगिमनं दाराची चौकट घट्ट धरली.

हे ती बोलली होती. नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या तेराव्या की चौदाव्या दिवशी, याच खोलीत. बोरा शाळेत होती. घरात एक बहिरी म्हातारी सोडली तर कुणी नव्हतं. बोलली तरी कशाला म्हणायचं, मनातच म्हणाली होती! मनातलं वाक्य कुणी कसं चोरावं?

तिनं मेजावरची संहिता उचलली आणि ती मागच्या खोलीत दार लावून वाचायला बसली. पानापानांवर ती होती. तिचे टोमणे, तिची स्वप्नं, यांगमीच्या नाकाबद्दलचं तिचं मत. आणि सत्तेचाळिसाव्या पानावर ते होतं.

इथे योम दालसू यांच्याबद्दल सांगायला हवं. योम मशीन दुरुस्त करायचे. विधुर, पन्नाशी ओलांडलेले, हात तेलकट पण कॉलर स्वच्छ. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी ते चोंगिमच्या शिलाई मशीनसाठी यायचे, कारण मशीन एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी बिघडायचं. ते बिघडायचं, कारण सोमवारी जेवणानंतर चोंगिम त्याचा खालचा स्क्रू दीड फेरा सैल करायची. जगात हे चोंगिमला ठाऊक होतं आणि स्क्रूला. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: "आई इकडेतिकडे पाहते. स्क्रू दीड फेरा सैल करते. गालातल्या गालात हसते."

तेवढ्यात दार वाजलं. "बाई, आत येऊ का?" बाहेर योम उभे होते, नव्या कॉलरचा सदरा घालून. "उद्याचा मंगळवार ना, पण सिनेमावाल्यांनी आजच बोलावलंय. मशीन कसं उघडतात ते त्यांच्या नटाला शिकवायचंय. आत्ताच कुठलातरी स्क्रूचा प्रसंग घेणार म्हणतात. मी समोरच बसणार आहे."

चोंगिमनं फार विचार केला नाही. ती मागच्या दारानं फिरून गेली, मुख्य फ्यूजचा डबा उघडला आणि हाताला लागलं ते सगळं उपसलं.

घर गप्प झालं. मग गल्ली गप्प झाली. दिव्यांच्या माणसांनी अर्धी गल्ली त्याच डब्याला जोडली होती, हे तिला कुठून माहीत असणार! पहिली किंकाळी यांगमीच्या दुकानातून आली. तिथे तीन बायका गरम टोप्यांखाली बसल्या होत्या, तिघींचे केस निम्मे झाले होते. समोरच्या म्हाताऱ्याचा टीव्ही ऐन कुस्तीत गेला. वॉर्डप्रमुख, अर्ज कुठेय, अर्ज कुठेय, असं ओरडत चढावरून आले.

या गोंधळात चोंगिम स्वयंपाकघरात लपायला शिरली. भर दुपार होती, पण खिडक्यांना सिनेमावाल्यांनी काळं कापड लावलेलं. अंधारात चुलीपाशी कुणीतरी बसलेलं होतं, एक पाय दुमडून.

"फ्यूज तुम्हीच काढलात," सुरान चोंगिमच्या आवाजात म्हणाली. "मीही काढला असता."

"हे बोलणं बंद करा!"

"जमत नाहीये," सुरान म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज घाबरलेला वाटला. "मलाच रात्रंदिवस तुमचं ऐकू येतं. पण तुमच्या जागी तीन आठवडे बसल्यावर एक गोष्ट कळली, ताई. या घरात कुणीतरी सतत ऐकतंय. मी पालक पिळत असते, काही पुटपुटते, आणि मानेवर जाणवतं. श्वास रोखून ऐकतंय कुणीतरी. तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

दोघींनी कान टवकारले. आणि खरंच, त्यांच्या मागे कपाटाजवळ, कुणीतरी श्वास सोडला.

दोघी एकाच आवाजात किंचाळल्या.

"ओरडता काय!" जोमसुन म्हणाल्या. त्या कपाटाला टेकून पाटावर बसल्या होत्या, मांडीवर सुक्या मासळीची टोपली. "बोला की पुढे. रंगात आलं होतं."

"आई," चोंगिम म्हणाली. "तुम्हाला ऐकू येतं?"

"उजवा कान चांगला आहे. तो मी तुझ्याकडे करून बसते."

बाकीचं शिमबाईंनी सांगितलं, मेणबत्ती आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन. पूर्वी त्या रेडिओवर श्रोत्यांची पत्रं वाचण्याच्या आणि चांगल्या पत्रांना बक्षीस देण्याच्या कार्यक्रमात काम करायच्या. तिथे मोक्पोहून एका चोंगिम नावाच्या बाईची पत्रं यायची. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, पण मजकूर वाचून सगळी कचेरी हसायची आणि मग डोळे पुसायची. सिनेमा त्याच पत्रांवर होता. "मला वाटलं, तुम्हीच लिहिता आणि लाजून कबूल करत नाही," शिमबाई म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वी जोमसुन म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गात जाऊ लागल्या होत्या. पुढे घरी भाताचा कुकर आला, मग विजेची किटली आली. त्या म्हणायच्या, देवळातल्या सोडतीत लागली.

"गृहपाठ होता," त्या म्हणाल्या. "रोज दिसणाऱ्या माणसावर लिहा. मला तूच दिसतेस. 'बोराची आई, बोराची आई' लिहून हात दुखायचा. 'मी' सोपं. म्हणून 'मी' लिहिलं, आणि रेडिओला धाडलं."

"पण मी हे कुणाजवळ बोलले नव्हते! मनातल्या मनात..."

"मनातल्या मनात?" सासूबाईंनी मासळी खाली ठेवली. "अगं बोराच्या आई, तू सगळं मोठ्यानं बोलतेस. माझा पोरगा गेल्यापासून. तुला वाटतं मनात."

चोंगिमनं दाराकडे पाहिलं. निम्म्या कुरळ्या केसांच्या गिऱ्हाइकांना घेऊन यांगमी तिथे उभी होती. तिनं जमिनीकडे बघत मान डोलावली. "नाकाचं मी मनावर घेतलं नाही, ताई." वॉर्डप्रमुखांनी डोलावली. समोरच्या म्हाताऱ्यानंही डोलावली. सगळ्यांच्या मागे योम दालसू हातात फ्यूज घेऊन उभे होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

नऊ वर्षं! नऊ वर्षं पायऱ्यांवर, बाजारात, त्यांच्या तेलकट हातांकडे बघताना! चोंगिम मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि तिनं ओठ मिटले.

सिनेमावाले गेले. सुराननं जाताना वाकून नमस्कार केला, आणि फाटकाबाहेर पडल्यावर एखाद्या वेगळ्याच बाईसारखी भराभर पायऱ्या उतरत गेली. बोरा सोलला गेली. जाडं पांघरूण चोंगिमनंच बांधून दिलं, एक शब्द न बोलता, आणि लेक स्टेशनवर तिच्या गळ्यात पडून राहिली. स्क्रूला चोंगिमनं हात लावला नाही. मशीन सुरेख चालू लागलं. एक मंगळवार गेला, मग पुढचा गेला. यायला कारण नव्हतं म्हणून योम आले नाहीत, आणि बोलवायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. ती दातांत दोरा धरून कामं करायची, म्हणजे विसरूनसुद्धा आवाज फुटू नये.

हिवाळाभर असंच चाललं. एकदा जेवताना जोमसुन म्हणाल्या, "घर फार गप्प झालंय गं. आता मला खरंच बहिरी झाल्यासारखं वाटतं. काल वही उघडून बसले, तर काही लिहायलाच नाही." मग त्यांनी वाटीतलं शेवाळाचं सार हलवलं. "मी चोरलं तुझं. पण तुला ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून ऐकलं. निदान सुरुवात तरी तशीच झाली."

चोंगिमनं त्यांच्या वाटीत मासळीचा मोठा तुकडा वाढला.

वसंतात सिनेमा नगर सभागृहात दाखवायला आणला. रविवारची दुपार, सगळी टेकडी खाली उतरली होती. जोमसुन उजवा कान सुनेकडे येईल अशा बेतानं बसल्या. योम मागच्या रांगेत, थोडे बाजूला. दिवे गेले आणि पडद्यावर चोंगिमचं घर उजळलं. त्यात राखाडी स्वेटरमधली चोंगिम हसली, रागावली, पुटपुटली. खुर्चीतली चोंगिम खाली सरकून बसली. आपण मेलो आहोत आणि मागे राहिलेलं घर बघतोय, असं तिला वाटत राहिलं. सभागृह पोट धरून हसत होतं. ती दोन तास दात आवळून बसली.

शेवट शिमबाईंनी बदलला होता. पडद्यावरचा मशीनवाला धक्क्यावर उभा होता, गाव सोडून निघालेला. त्यानं विचारलं, "काही सांगायचं होतं का?" पडद्यावरच्या चोंगिमनं त्याच्याकडे पाहिलं. ओठ उघडले. मिटले. बोट निघाली. ती धुक्यात एकटी उभी राहिली आणि हळूहळू तीही पुसली गेली. नुसतं पांढरं उरलं. सभागृहात बायकांनी रुमाल काढले.

"मी असते तर थांब म्हटलं असतं," चोंगिम म्हणाली. "आणि जेवायला बोलावलं असतं. उद्याच."

सभागृहातल्या दोनशे माना वळल्या. हलकी खसखस पिकली. बिचारीला वाटलं असेल, मनात बोलतेय, असं यांगमी शेजारणीच्या कानात कुजबुजली.

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. योम दालसू उभे राहिले होते. "उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"साडेबाराला. कॉलर घालू नका, सार सांडतं."

लोक अजून हसत होते, आणि बिचारी, बिचारी म्हणत होते. एकट्या जोमसुन हसल्या नाहीत. त्यांचा चांगला कान सुनेकडे होता, आणि बोलण्याआधी तिनं नीट घसा खाकरलेला त्यांनी ऐकला होता.